शातो गायार हा फ्रान्समधला किल्ला शौचकूपातून शिरलेल्या सैनिकांमुळे पडला, हे खरं आहे का? आणि तो बघायला जावं का?

नाही, त्यामुळे पडला नाही. किल्ल्यांवर प्रेम करणारी मंडळीसुद्धा हे वाक्य बिनदिक्कत पुढे ढकलतात याचा मला राग येतो, म्हणून सविस्तर लिहितो.

इंग्लंडचा राजा आणि नॉर्मंडीचा ड्यूक रिचर्ड पहिला याने 1196 ते 1198 या दोन वर्षांत सेन नदीच्या वळणावर, लेझांद्ली गावाच्या डोक्यावर, पाण्यापासून साधारण 90 मीटर उंचीवर हा किल्ला उभा केला. पाठीमागच्या रुआं शहराची वाट अडवायची हा हेतू. या जागेवर किल्ला बांधायचा नाही असं फ्रान्सचा राजा फिलिप दुसरा याच्याशी झालेल्या तहात ठरलं होतं, शिवाय जमीन रुआंच्या आर्चबिशपची होती. रिचर्डने दोन्हींची पर्वा केली नाही. खर्च सुमारे 11,500 पौंड, त्या काळात अवाढव्य.

डोंगराला जमिनीकडून एकच वाट आहे, आग्नेयेची. तिच्या तोंडावर त्रिकोणी बाहेरकोट आणि टोकाला जाडजूड बुरूज. मग खोल खंदक, त्यामागे मधला कोट, आणि आत बालेकिल्ला. बालेकिल्ल्याचा तट सपाट नाही, एकाला एक लागून अर्धगोल फुगवटे आहेत. यंत्राने फेकलेला धोंडा त्यावर आदळला तर निसटता लागतो, आणि वर उभ्या माणसाला शेजारच्या फुगवट्याचा पाया दिसतो. युरोपात त्या वेळी असं काम दुर्मीळ होतं.

आता वेढा. रिचर्ड 1199 मध्ये मेला, भाऊ जॉन गादीवर आला, आणि 1203 च्या उन्हाळ्याअखेर फिलिप इथे येऊन बसला. जॉनने कुमक पाठवली: एक तुकडी जमिनीवरून, दुसरी नावांनी, रात्रीच्या वेळी. नदीच्या प्रवाहाचा हिशेब चुकला, नावा उशिरा पोचल्या, दोन्ही तुकड्या वेगवेगळ्या मार खाऊन परतल्या. डिसेंबरात जॉन इंग्लंडला निघून गेला. माझ्या मते किल्ला त्याच दिवशी गेला. किल्लेदार रॉजर द लेसीने धान्य पुरावं म्हणून आश्रयाला आलेल्या गावकऱ्यांना बाहेर काढलं. आधीच्यांना फ्रेंचांनी जाऊ दिलं, नंतरच्यांना अडवलं. त्यातली बरीच माणसं तट आणि वेढा यांच्या मधे ऐन थंडीत उपाशी मेली.

बाहेरकोट सुरुंगाने पडला. दारूच्या नव्हे, दारू तेव्हा तिथे नव्हती. खंदक बुजवायचा, बुरुजाच्या पायथ्याशी खणत आत शिरायचं, वरचं ओझं लाकडी टेकूंवर पेलायचं, मग टेकू पेटवून बाहेर पळायचं. टेकू जळले की बुरूज खचतो. डोंगर चॉकचा, म्हणजे मऊ चुनखडीचा, म्हणून हे साधलं. आपल्या सह्याद्रीच्या काळ्या पाषाणात असं खणणं फार जड गेलं असतं.

शौचकूपाची गोष्ट मधल्या कोटाची, आणि तीही नक्की नाही. जॉनने तिथे तटाला लागून एक इमारत वाढवली होती. काही सैनिक शौचकूपाच्या नळीतून शिरले की प्रार्थनाघराच्या खिडकीतून, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. आत गोंधळ झाला, आग पसरली आणि शिबंदी बालेकिल्ल्यात हटली. म्हणजे बालेकिल्ला शाबूतच होता!

तो पडला वेगळ्याच चुकीमुळे. खंदक खोदताना दरवाज्यासमोर मूळ खडकाची एक पट्टी पूल म्हणून तशीच ठेवली होती. लाकडी पूल असता तर ओढून घेता आला असता. या दगडी पुलाच्या आडोशाने खणणारे थेट तटाखाली पोचले. आतल्यांनी उलट सुरुंग खणला, त्याने भिंत आणखी पोकळ झाली, आणि मोठ्या धोंडफेकी यंत्राच्या माऱ्याने ती कोसळली. 6 मार्च 1204. जूनमध्ये रुआंही गेलं. ज्यांना रचनेला दोष द्यायचाय त्यांनी त्या पट्टीला द्यावा.

जावं का? किल्ल्यांची आवड असेल तर जरूर. मात्र महाल, झुंबरं, सजवलेल्या खोल्या हव्या असतील तर शांबोरच्या राजवाड्यात जा, इथे निराशा होईल. फ्रान्सचा राजा चौथा हेन्री याने 1599 मध्ये हा किल्ला पाडायचा हुकूम दिला आणि पुढे मठांच्या बांधकामाला इथलाच दगड गेला. गावात रेल्वे स्टेशन नाही, पॅरिसच्या सें-लाझार स्टेशनहून आगगाडीने गायों-ओबव्वाला उतरून पुढे गाडी लागते. बाहेरून कधीही फिरता येतं, बालेकिल्ला हिवाळ्यात बंद असतो, तेव्हा वेळा आधी बघा. चढण आग्नेयेकडून करा, फिलिपची बाजू तीच.