आक्रमकता पाहून मुलं आक्रमक होतात, हे मानसशास्त्रात सिद्ध कसं करतात?

नुसत्या पाहणीतून होत नाही. समजा, मारामारीचे कार्यक्रम जास्त बघणारी मुलं जास्त भांडखोर निघाली. यात कार्यक्रमांमुळे भांडखोरपणा आला, की मुळात भांडखोर मुलांनाच तसले कार्यक्रम आवडतात? की घरात कुणाचं लक्षच नसल्यामुळे दोन्ही घडतंय? आकडे तिन्ही वेळा सारखेच दिसतील.

म्हणून प्रयोग लागतो. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा आणि सहकाऱ्यांनी १९६१ मध्ये अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीतल्या ७२ मुलांवर तो केला. २४ मुलांसमोर एका मोठ्या माणसाने फुगवलेल्या, पाडला तरी पुन्हा उभा राहणाऱ्या ‘बोबो’ बाहुल्याला बडवलं, २४ जणांसमोर तो शांतपणे खेळत बसला, उरलेल्या २४ जणांना काहीच दाखवलं नाही. खरी मेख पुढे आहे. मुलं आधीपासून किती आक्रमक आहेत हे बालवाडीत पाहून गट सारखे राहतील अशी वाटणी केली होती. कोण काय बघणार हे संशोधकांनी ठरवलं, मुलांच्या आवडीने नव्हे. त्यामुळे ‘भांडखोरच ते बघतात’ ही पळवाट बंद झाली. बडवणं पाहिलेल्या मुलांनी नंतर तसंच, कित्येकदा त्याच शब्दांसकट, बडवलं.

पण यातून सिद्ध झालं ते अनुकरण, तेही त्या खोलीत आणि थोड्याच वेळानंतर. बाहुला तर बडवण्यासाठीच असतो, हा आक्षेप मला रास्त वाटतो. टीव्ही बघून मूल पुढे गुंड होतं, हा निष्कर्ष या प्रयोगाच्या माथी मारू नये.