पार्किन्सन्स असलेले वडील जिना चढतात, मग सपाट दारात का अडकतात? मुद्दाम करतात का?

मुद्दाम नाही हो. आमच्या आईनंही अण्णांना वर्षभर हेच ऐकवलं. गावच्या घरात उंबरठा ओलांडून आरामात आत जाणारे अण्णा इथे फ्लॅटमध्ये बाथरूमच्या दाराशी आले की खिळल्यासारखे उभे. टाचा उचललेल्या, गुडघे थरथरताहेत, पाऊल काही पडत नाही. जिना मात्र कठडा धरून चढायचे. मग आईचं सुरू, "आता बरं जमतंय!"

डॉक्टर याला फ्रीझिंग म्हणतात. पायातली ताकद गेलेली नसते. पाऊल केवढं टाकायचं, कधी उचलायचं हे एरवी आपण ठरवत बसत नाही, मेंदूच्या आतले बेसल गँग्लिया ते परस्पर सांभाळतात. पार्किन्सन्समध्ये डोपामिन हे मेंदूतलं रसायन कमी झालं की तेच काम अडतं. पायरी किंवा उंबरठा समोर दिसला तर मेंदू नजरेच्या आधारानं पाऊल उचलायला लावतो, तो रस्ता बराचसा शाबूत असतो. गुळगुळीत टाइल्सवर नजरेला धरायला काहीच नाही. त्यात दार अरुंद असलं की पावलं आणखी आखडतात.

मापाचा अंदाजही बिघडतो. अण्णांना वाटतं नेहमीसारखंच चाललोय, प्रत्यक्षात पाऊल वीतभर. सहीचंही तेच, पहिलं अक्षर ठसठशीत, शेवटचं मुंगीएवढं. अंधारात स्वतःचे पाय दिसत नाहीत, मग चालणं आणखी बिघडतं. म्हणून आम्ही पॅसेजमध्ये रात्रभर छोटा दिवा ठेवतो.

जमिनीवर पट्ट्या आखल्या तर असे रुग्ण चालू लागतात, हे लंडनचे न्यूरॉलॉजिस्ट पर्डन मार्टिन यांनी १९६०च्या दशकातच दाखवलं होतं. हे वाचून मी उत्साहानं रंगीत टेप आणली आणि चिकटवली दारातून आत जाणारी, रुळांसारखी लांब. शून्य उपयोग! पट्टी आडवी हवी, ओलांडायला. मग फिजिओथेरपिस्टनी सांगितल्याप्रमाणे पांढऱ्या टाइल्सवर काळ्या पट्ट्या आडव्या लावल्या, साधारण एकेका पावलाच्या अंतरानं. पहिल्याच दिवशी अण्णा दार ओलांडून गेले. आई बघतच राहिली.

अडकले की हात ओढू नका, तोल जातो. "चला, चला" तर अजिबात नको, घाईनं पाय जास्तच चिकटतात. थांबू द्या, डावी-उजवीकडे थोडं झुलू द्या, मग "एक, दोन" म्हणा. वळताना जागच्या जागी गर्रकन नको, मोठा वळसा घ्यायला सांगा. आणि अडकण्याची वेळ लिहून ठेवा. आमच्याकडे गोळीचा असर उतरताना हे हमखास व्हायचं, ती वही बघूनच डॉक्टरांनी गोळ्यांच्या वेळा बदलल्या.

पाहुण्यांच्या घरी टेप कुठली? तिथे मी अण्णांचा दंड धरतो आणि त्यांच्या पुढ्यात माझं पाऊल आडवं ठेवतो. ते ओलांडून निघतात. मागच्या लग्नात मात्र सरळ माझ्या अंगठ्यावर पाय दिला, आणि वर मलाच म्हणाले, "मध्ये काय उभा राहतोस?"