वडीतली भांग मोजायची कशी?

प्रश्न : आम्ही गुहागर तालुक्यात राहतो. शिमग्याला मुंबईहून आलेल्या भाच्याने सोबत आणलेली भांग तुपात परतून, गाळून, त्या तुपात ओल्या नारळाच्या चाळीस वड्या केल्या. दहा ग्रॅम भांग होती आणि एका वडीत पाच मिलिग्रॅम नशा येते, असा हिशेब त्याने आम्हाला कागदावर मांडून दाखवला. माझ्या दिरांनी एक वडी खाल्ली. पाऊण तासात काही जाणवले नाही म्हणून त्यांनी आणखी दोन खाल्ल्या. पालखी अंगणात आली तेव्हा त्यांना उभे राहवेना, छाती धडधडू लागली आणि ते पहाटेपर्यंत ओटीवर पडून राहिले. भाच्याचा हिशेब चुकला होता का? अजून दहा-बारा वड्या फ्रिजमध्ये आहेत. त्यांची तीव्रता घरी कळू शकेल का? (एक वाचक, गुहागर तालुका)

उत्तर : तुमच्या भाच्याचा गुणाकार बरोबर आहे, ज्या आकड्यापासून त्याने सुरुवात केली, तो मात्र त्याने गृहीत धरलेला आहे. भांगेतील नशा आणणारा मुख्य घटक टेट्राहायड्रोकॅनाबिनॉल, म्हणजे टीएचसी. दहा ग्रॅम पाल्यात तो दोन टक्के असेल, तर एकूण २०० मिलिग्रॅम होतात आणि चाळीस वड्यांत प्रत्येकी पाच येतात. तोच पाला सहा टक्क्यांचा निघाला, तर प्रत्येक वडीत पंधरा होतात. हे दोन टक्के त्याला कोणी सांगितले? झाडाची जात, तोडणीची वेळ, साठवण आणि मुख्य म्हणजे पाल्यात मादी झाडाचे फुलोरे किती मिसळले आहेत, यावर हे प्रमाण कित्येक पटींनी बदलते, आणि वाळवून कुटलेल्या पुडीत पाने किती व फुलोरा किती, हे डोळ्यांना ओळखू येत नाही.

पुढची गळती स्वयंपाकघरात होते. कच्च्या पाल्यात टीएचसी बहुतांश आम्लरूपात असते आणि त्या रूपात ते नशा आणत नाही; उष्णतेने त्याचे रूपांतर होते, आणि ते पूर्ण झाले तरी वजन मूळच्या सुमारे ८८ टक्केच उरते. आच मंद राहिली तर रूपांतर अर्धवट राहते, फार लागली तर तयार झालेले टीएचसीही नासते. ते पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, तुपात विरघळते. तरीही गाळल्यावर काही भाग चोथ्यात राहतोच. म्हणून पाल्याची टक्केवारी खरी असली, तरी असा हिशेब जास्तीत जास्त किती असू शकेल एवढेच सांगतो.

वड्यांच्या बाबतीत याहून मोठी अडचण वाटणीची आहे, आणि नारळाच्या वड्या थापणाऱ्या तुम्हाला ती माझ्यापेक्षा अधिक ठाऊक असेल. मिश्रण गरम असताना थाळ्यात ओतले की कडेने तूप सुटते, मध्यभागी खोबरे घट्ट बसते. टीएचसी तुपात असल्यामुळे ते तुपाबरोबर जाते. एकाच थाळ्यातील कडेची वडी आणि मधली वडी सारखी असण्याचे काही कारण नाही. सरासरी पाच आली, तरी खाणाऱ्याच्या वाट्याला सरासरी येत नाही.

दिरांना जे झाले त्याचे मूळ मात्र हिशेबापेक्षा घाईत अधिक आहे. धूर ओढला तर परिणाम काही मिनिटांत कळतो. खाल्लेले टीएचसी आतड्यातून यकृतात जाते आणि तिथे त्याचे ११-हायड्रॉक्सी-टीएचसी होते, जे मेंदूत सहज शिरते व जोरदार असते. जाणवायला अर्ध्या तासापासून दोन तास, कधी त्याहूनही जास्त वेळ लागतो. जोर दोन ते चार तासांनी चढतो आणि सहा-आठ तास किंवा अधिक टिकतो. पाऊण तासाने दुसऱ्या-तिसऱ्या वडीकडे हात गेला, तेव्हा पहिली अजून वाटेत होती. शिवाय भाच्याचे पाच मिलिग्रॅम खरे मानले, तरी तीन वड्यांचे पंधरा होतात. कॅनडात हे पदार्थ कायद्याने विकले जातात आणि तिथे संपूर्ण पाकिटात दहा मिलिग्रॅमपेक्षा जास्त टीएचसी चालत नाही. पूर्वी कधी न घेतलेल्या माणसासाठी पंधरा मिलिग्रॅम मुळीच थोडे नव्हेत.

उरलेल्या वड्यांची तीव्रता घरी कळत नाही. रंग, वास किंवा कडवटपणा यांवरून अंदाज बांधू नका. ‘थोडी चाखून पाहू’ हा मार्गही फसवा आहे, कारण एका वडीचा अनुभव दुसरीला लागू पडत नाही.

एक गोष्ट तुम्ही विचारलेली नाही, पण सांगणे भाग आहे. १९८५च्या अमली पदार्थविषयक केंद्रीय कायद्यात फुलोऱ्याला गांजा म्हटले आहे. फुलोऱ्याशिवायची पाने त्या व्याख्येत येत नाहीत. मात्र महाराष्ट्रात १९४९चा दारूबंदी कायदा भांगेलाही लागू आहे आणि परवान्याशिवाय ती बाळगता येत नाही. ज्या मिसळीमुळे भाच्याचा हिशेब कोसळतो, तीच मिसळ पुडी भांगेची की गांजाची हेही ठरवते.

दिरांना रक्तदाबाच्या किंवा हृदयाच्या गोळ्या चालू असतील, तर झालेला प्रकार डॉक्टरांना न लाजता सांगावा. टीएचसीने नाडी वाढते आणि उभे राहताना रक्तदाब घसरतो. घरात मुले असतील तर वड्या आजच काढा, कारण मुलाला ती साधी खोबऱ्याची वडीच दिसणार. मुलाने खाल्ल्यास गुंगी येण्याची वाट न पाहता १०८ला फोन करा आणि काय खाल्ले ते स्पष्ट सांगा. वड्या उकिरड्यावर टाकू नका, कुत्र्यांनाही त्याची विषबाधा होते. मातीत कालवून, परसातल्या खोल खड्ड्यात पुरून वर दगड ठेवा.