देसूर स्थानकाचा इतिहास काय आणि एवढ्याशा स्थानकाचा उपयोग तरी काय?

आपला दुसरा प्रश्न मी प्रथम माझ्या थोरल्या मेहुण्यांच्या तोंडून ऐकला होता, तोही आमच्याच घरी, सत्यनारायणाच्या पंगतीत. “जिथे गाडी थांबत नाही, तिथे माणसे पोसायची कशाला?” असे त्यांनी विचारले, तेव्हा देसूरला सांधेवाले (रुळांचे सांधे बदलणारे) म्हणून नोकरी केलेले माझे बाबा त्याच पंगतीत मान खाली घालून जेवत होते.

इतिहास थोडक्यात सांगतो. देसूर हे खानापूर आणि बेळगाव यांच्यामधले छोटे स्थानक. लोंढ्याहून खानापूर, बेळगाव, मिरज असा पुण्याकडे जाणारा मीटरगेज मार्ग एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सदर्न मराठा रेल्वे कंपनीने बांधला. पुढे १९०८ साली मद्रास अँड सदर्न मराठा, १९५१ साली दक्षिण, १९६६ साली दक्षिण मध्य आणि २००३ पासून हुबळीचे मुख्यालय असलेली नैर्ऋत्य रेल्वे, अशी मालकीची पाटी बदलत गेली. मिरज-लोंढा रूळ ब्रॉडगेज झाले ते १९९० च्या दशकात.

उपयोगाचे म्हणाल, तर मार्ग एकेरी असताना समोरासमोरून येणाऱ्या दोन गाड्या एकमेकींना ओलांडणार कुठे, याचे उत्तर म्हणजे देसूर. एक गाडी बाजूच्या लूप मार्गावर घ्यायची, दुसरी मुख्य मार्गाने सोडायची. पुढचा मार्ग मोकळा असल्याचा पुरावा म्हणजे टोकनचा पोलादी गोळा. पुढच्या स्थानकाने संमती दिल्याखेरीज तो यंत्रातून निघत नसे, आणि दोन स्थानकांमधल्या एका टप्प्यासाठी एका वेळी एकच गोळा बाहेर येत असे. कातडी पिशवीत घालून वेताच्या कड्याला अडकवलेला हा गोळा हाती आल्याशिवाय चालक पुढे जात नसे.

एका आषाढातल्या रात्री मी बाबांचा डबा घेऊन गेलो होतो. वाऱ्याने सिग्नलचा रॉकेलचा दिवा विझला होता, म्हणून घोंगड्याची खोळ पांघरून बाबा तो लावायला गेले आणि कंदील धरायला मला सोबत नेले. परत येतो तोच मास्तरांनी कानडीत हाक दिली आणि बाबांनी मराठीत “आलो” म्हटले. (दोघांनाही दुसऱ्याची भाषा धड येत नव्हती, पण वर्षानुवर्षे त्यांचे काम अडले नाही.) मालगाडी लूपवर उभी होती. बेळगावकडून आलेली गाडी न थांबता, वेग थोडा कमी करून निघाली. फलाटाच्या कडेला बाबांनी कडे उंच धरले, चालकाने हात बाहेर काढून ते दंडावर झेलले आणि मागच्या टप्प्याचे कडे खाली टाकले. चिखलातून ते शोधून मास्तरांकडे पोहोचवीपर्यंत डब्यातली आमटी थंडगार झाली होती. त्या गाडीतल्या एकाही प्रवाशाने देसूर हे नाव वाचले नसावे.

म्हणून स्थानकाची किंमत तिकीटविक्रीवरून करणारी माणसे मला अडाणी वाटतात, मग ती कितीही शिकलेली असोत.

अर्थात हे सारे एकेरी मार्गाच्या दिवसांतले आहे. गेल्या दशकात लोंढा-मिरज मार्गाच्या दुहेरीकरणाचे काम हाती घेतले गेले, आणि दोन मार्ग झाले की समोरासमोरच्या गाड्यांसाठी थांबण्याचे कारण उरत नाही. प्रवासाचे म्हणाल, तर देसूरला मेल-एक्सप्रेसची अपेक्षा न ठेवता बेळगावहून गाडी धरावी, हे उत्तम. पॅसेंजरच्या वेळा बदलत असल्याने निघण्यापूर्वी रेल्वे चौकशीच्या १३९ क्रमांकावर विचारून घ्यावे.

मेहुणे तेव्हा ज्या रात्रीच्या गाडीने हुबळीला जात, ती गाडीही देसूरला थांबत नसे. मात्र बाबांची रात्रपाळी असली, तर तिचा गोळा त्यांच्याच हातून चालकाकडे जाई. त्या दिवशी पंगतीत मी हे बोलायला हवे होते, पण मेहुण्यांच्या पानात तेव्हा नुकतीच पुरणपोळी वाढली होती आणि बाबांनी नजरेनेच मला गप्प बसवले.