काळोख्या फार्महाऊसमध्ये वसंत : वाचकांचे प्रश्न

अमेरिकेत जुन्या वस्तूंच्या बाजारात ‘प्रिमिटिव्ह’ म्हणतात ते अठराव्या-एकोणिसाव्या शतकातल्या शेतकरी घरांतलं हातानं केलेलं, ओबडधोबड सामान. पोपडे निघालेली कपाटं, खुंट्यांच्या पट्ट्या, कणीक मळायच्या लाकडी काथवटी, गंजक्या पत्र्याचे तारे, चहाच्या पाण्यात बुडवून जुनाट केलेलं कापड. रंग तांबडा, मोहरीपिवळा, काळा. थंडीत ही सजावट ऊब देते, पण मार्च संपत आला की अंगावर येते. यंदा ईस्टर 5 एप्रिलला आहे. त्यामुळे या वेळी बहुतेक पत्रं त्याच विषयावरची आहेत.

प्रश्न : ओहायोत जुनं फार्महाऊस घेतलं, बरंचसं सामान घराबरोबरच मिळालं. ईस्टरसाठी दुकानातून गुलाबी-जांभळे ससे, अंडी, हार आणले. मांडल्यावर सगळं उपरं दिसतंय. घर उजळलं नाहीच, नुसता पसारा वाढला. काय चुकलं?

रंगाला दोष देऊ नका, दोष चकाकीचा आहे. तुमच्या घरात एकही पृष्ठभाग चकचकीत नाही. लाकूड, लोखंड, मातीच्या बरण्या, हातमागाचं कापड, सगळं मंद. त्यात प्लॅस्टिकचं अंडं ठेवलं की नजर आधी तिथेच जाते. तोच फिका निळा रंग खडूसारखा कोरडा असेल तर त्याच फळीवर खपून जातो. म्हणून ससे परत करा. पावती असेलच.

आणि काही आणण्याआधी काढा. फायरप्लेसवरची फळी पूर्ण रिकामी करून कोरड्या कापडानं पुसा आणि दोन दिवस तशीच राहू द्या. थंडीतले पाइनचे बोंड, लाल मण्यांच्या माळा, काळपट मेणबत्त्या, लोकरी पांघरुणं, हे सगळं आत जाऊ दे. लोकर मात्र धुऊन, खडखडीत वाळवूनच ठेवा. मळक्या लोकरीला कसर आधी लागते. जाड चौकड्यांचे पडदे उतरवून त्या जागी मांजरपाट लावा, धुतलेला पण न रंगवलेला, खाली साधी दुमड. एवढ्यानंच खोलीत निम्मा फरक पडेल.

मग फळीवर मोजून तीन वस्तू परत ठेवा. एक उंच, एक बुटकी, एक फिक्या रंगाची. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडहून अमेरिकेत भरपूर आलेली ‘आयर्नस्टोन’ची जाड पांढरी भांडी जुन्या बाजारात अजून मिळतात. टवका उडालेला जग स्वस्तात पडतो आणि काळ्या लाकडासमोर त्याच्याइतकं उठून काही दिसत नाही. गंजका तारा तुम्हाला आवडत असेल तर राहू दे. एकच.

प्रश्न : आमच्याकडे पत्र्याला नक्षीदार भोकं पाडलेल्या दारांचं जुनं कपाट आहे, गडद हिरवं. घासून पांढरं करू या, असं नवरा म्हणतो. मी साशंक आहे. मुलं लहान आहेत.

घासू नका. हे ‘पाय सेफ’, म्हणजे आपल्याकडच्या जाळीच्या फडताळाचं काम करणारं कपाट. हवा खेळावी आणि माश्या शिरू नयेत म्हणून पत्र्याला भोकं. मूळचा रंग शाबूत असेल तर त्याची किंमत त्या रंगातच असते. पांढरं फासलंत की ती गेली.

पण खरं कारण मुलांचं. त्या काळचा ‘मिल्क पेंट’ दुधातलं केसीन हे प्रथिन, चुना आणि रंगमाती यांचा, तो तसा निरुपद्रवी. त्यावर पुढच्या पिढ्यांनी कोणता तेलरंग चढवला ते डोळ्यांना कळत नाही, आणि जुन्या तेलरंगात शिसं असू शकतं. अमेरिकेत घरगुती वापराच्या रंगातलं शिसं 1978मध्ये बंद झालं. त्याआधीचा थर सँडपेपरनं घासला तर विषारी धूळ घरभर होते आणि रांगणाऱ्या मुलांच्या हातांतून तोंडात जाते. एखादा सुटलेला टवका प्रयोगशाळेत तपासून घ्या. शिसं निघालं आणि रंगाचे पोपडे पडत असतील, तर कपाट मुलांच्या हाताला लागणार नाही अशा खोलीत हलवा.

उजेडच हवा असेल तर दारं उघडी ठेवा. पुठ्ठ्यावर मांजरपाट ताणून आतल्या पाठीला टेकवून उभा करा, खिळा न मारता, आणि पुढे पांढऱ्या बशा. ऑक्टोबरात पुठ्ठा काढला की कपाट होतं तसं. नवऱ्याच्या हातांना काम हवंच असेल तर पुठ्ठा कापायला द्या.

प्रश्न : पेनसिल्व्हेनियात शेजारणीकडे वाळक्या फांदीला टांगलेली तपकिरी अंडी पाहिली, त्यावर बारीक नक्षी. घरी जमेल का? दुकानातले रंग नको आहेत.

जमेल, आणि तुमच्या स्वयंपाकघरात कांद्याची सालं कमी पडायची नाहीत. ही अंडी मूळची पेनसिल्व्हेनियातल्या जर्मन वंशाच्या लोकांची. अठराव्या शतकात ते आले तेव्हा ईस्टरच्या सशाची गोष्टही घेऊन आले. मुलं टोप्यांची घरटी करून ठेवायची आणि ससा रात्री त्यात रंगीत अंडी ठेवून जायचा. आज अमेरिकाभर दिसणारा तो ससा याच मंडळींचा. म्हणजे प्रिमिटिव्ह घरात ईस्टरचं काही शोभत असेल तर हीच फांदी आणि हीच अंडी.

कृती अशी. कच्चं अंडं साबणानं धुवा. दोन्ही टोकांना दाभणानं भोक पाडा, एक थोडं मोठं. आतला बलक दाभणानंच ढवळून मोडा आणि छोट्या रबरी पंपानं हवा भरून बाहेर काढा. तोंडानं फुंकू नका, कच्च्या अंड्यात साल्मोनेलाचे जंतू असू शकतात. बलक-पांढऱ्याचं ऑम्लेट होईल. कांद्याची सालं, जमली तितकी जास्त, पाण्यात अर्धा तास उकळा, गाळा, चमचाभर व्हिनेगर घाला. रिकामं अंडं तरंगत राहतं, म्हणून भोकातून थोडं रंगाचं पाणी आत जाऊ द्या, मग बुडतं. विटकरी ते गडद तपकिरी, हवी ती छटा आली की काढून वाळवा. पूर्ण वाळल्यावर टाचणीनं किंवा टोकदार चाकूनं ओरखडत नक्षी काढायची. पानं, ट्यूलिप, पक्षी, वर्षाचा आकडा. रंग निघतो आणि खालचं पांढरं कवच उघडं पडतं. अंडं मुठीत आवळू नका, मऊ रुमालाच्या घडीवर ठेवून काम करा.

निळं हवं असेल तर जांभळ्या कोबीचं पाणी, व्हिनेगर घालून, पांढरं अंडं रात्रभर त्यात. हळदीचा पिवळा सुरेख येतो पण उन्हात उडतो, खिडकीपाशी टांगू नका.

फांदी पुसी विलोची, म्हणजे मखमली कोंब येणाऱ्या झुडपाची घ्या. पाण्यात ठेवलीत तर तिला पानं फुटतात आणि ते मखमली कोंब गळतात. कोरड्या बरणीत ठेवली तर तशीच कैक महिने टिकते. फोर्सिथिया या पिवळ्या फुलांच्या झुडपाचं उलट. तिच्या कळ्यांच्या काड्या आत्ता कापून कोमट पाण्यात ठेवल्यात तर ईस्टरच्या आत पिवळ्याधमक फुलतील.

प्रश्न : अंगणातल्या झुडपात रॉबिनचं मागच्या वर्षीचं रिकामं घरटं सापडलं. टेबलावर मांडू?

नाही. अमेरिकेच्या 1918च्या स्थलांतरित पक्ष्यांच्या केंद्रीय कायद्यानुसार रॉबिनसारख्या देशी पक्ष्याचं घरटं परवान्याशिवाय घरी ठेवता येत नाही, पिसं आणि अंडीसुद्धा नाहीत. त्यात उवा-पिसवा असतात ते वेगळंच. द्राक्षवेलीच्या काड्या वळून मध्ये काथ्या भरा, छान घरटं होतं.

प्रश्न : घरात दोन मांजरी. ईस्टर लिली आणायची प्रथा इथे सगळीकडे दिसते. आणू का?

अजिबात नको. लिलीचं पान, फूल, पराग, फुलदाणीतलं पाणी, कशानंही मांजराची मूत्रपिंडं निकामी होतात, आणि उपचाराला उशीर झाला तर वाचत नाही. ‘उंच ठेवू’ हा उपाय मांजरांना माहीत नाही. ट्यूलिप, डॅफोडिल, हायसिंथही त्यांच्यासाठी विषारीच.

त्याऐवजी काथवटीत गव्हाचं रुजवण घाला, घटस्थापनेला घालतो तसंच. गहू रात्रभर भिजवा. काथवटीत प्लॅस्टिकचं किंवा पत्र्याचं ताट बसवा, कारण लाकूड थेट ओलं राहिलं तर तडकतं. दोन बोटं मातीवर गहू दाट पसरा, वर मातीचा पातळ थर, रोज पाणी शिंपडा. आठ-दहा दिवसांत चांगलं वितभर होतं. पाडवा 19 मार्चला, त्यानंतर आठवड्यानं पेरलंत तर वेळेवर तयार. मांजरींनी खाल्लं तरी हरकत नाही, त्यांना आवडतंच. काळ्या लाकडात तो हिरवा रंग असला की दुसरी सजावट लागत नाही.

प्रश्न : मी वसईची. आजोबांच्या घरातलं सागवानी कपाट आणि बाकं काळी पडली आहेत. इंटरनेटवर अशी अमेरिकन घरं पाहून पास्काच्या, म्हणजे ईस्टरच्या सणाला तसंच करावंसं वाटतं.

लाकूड काळं आहे, तेवढीच सारखेपणाची गोष्ट. तिकडे बर्फ वितळत असतं, तुमच्याकडे उकाडा सुरू झालेला असतो. लोकरी ससे आणि वाळक्या फांद्या वसईत कशाला? उपासकाळाचं जांभळं कापड पुनरुत्थानाच्या जागरणाच्या रात्री काढून पांढरं घालता ना, घरातही तेच करा. बाकावर पांढरी सुती चादर, कपाटावर मातीचा माठ, भिंत चुन्याची असेल तर एक हात नवा. चर्चचा पांढरा काळ पेंटेकॉस्टच्या सणापर्यंत पन्नास दिवस चालतो, तेव्हा सोमवारीच आवरायची घाई नको.

फुलं तुमच्याच भागातली, मोगरा आणि सोनचाफा. चाफा आदल्या दिवशी आणून ठेवू नका, दुपारपर्यंत काळवंडतो. सणाच्या सकाळीच घ्या आणि उथळ बशीत पाण्यावर सोडा.