सोलापुरात साध्या माणसानं राजकीय भ्रष्टाचाराविरुद्ध उठायचं म्हटलं, तर सुरुवात कुठून करावी?

आपल्या गल्लीतल्या एकाच कामापासून करा. रस्ता, गटार, पाण्याची लाइन, काहीही चालेल. "सगळे चोर आहेत" म्हणून मोर्चा काढला की नेत्यांना काहीच फरक पडत नाही. एका कामाचे कागद मागितले की पडतो.

माहिती अधिकार कायदा, 2005 खाली 10 रुपये फी भरून महापालिकेच्या जनमाहिती अधिकाऱ्याकडे अर्ज द्या. अंदाजपत्रक, कार्यारंभ आदेश (ठेकेदाराला काम सुरू करायला दिलेलं पत्र), मोजमाप पुस्तिका (झालेल्या कामाची मापं लिहिलेली वही) आणि अंतिम देयक (शेवटचं बिल) यांच्या प्रती मागा. मोजमाप पुस्तिका सोडू नका, खोटी लांबी-जाडी तिथंच लिहिलेली असते. आपल्या राज्यात एका अर्जात एकच विषय आणि 150 शब्दांची मर्यादा आहे. कलम 2(ञ) प्रमाणे कामाची पाहणी करता येते, वापरलेल्या मालाचा प्रमाणित नमुनाही मागता येतो. हे फार कमी लोकांना माहीत असतं! 30 दिवसांत उत्तर आलं नाही तर त्याच कार्यालयातल्या वरिष्ठ अधिकाऱ्याकडे पहिलं अपील करा.

एकट्यानं मात्र जाऊ नका. नगरसेवकाचा माणूस घरी येऊन "कशाला उगाच" म्हणतो तेव्हा एकटा माणूस खचतो. यंत्रमागावरचे, विडी वळणाऱ्या बायका, दुकानदार अशा दहा-बारा जणांनी वेगवेगळे अर्ज टाकावेत. 1930 मध्ये याच गावानं इंग्रजांचा मार्शल लॉ (लष्करी कायदा) सोसला, 1931 मध्ये फाशी गेलेले चार हुतात्मे दिले. इथली माणसं भित्री नाहीत.

कुणी थेट लाच मागितली तर पैसे देण्याआधीच 1064 वर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाला कळवा.