बहिणीची क्षमा देवाकडे मागता येत नाही

पत्र: ताई, वडील वारल्यानंतर वारसनोंदीच्या वेळी “नुसती सही लागते” असे सांगून मी धाकट्या बहिणीकडून हक्कसोडपत्र करून घेतले. आता तिच्या नवऱ्याचे काम सुटले आहे आणि तिच्या हिश्शाच्या शेतात माझा ऊस उभा आहे. देवापुढे मी अनेकदा रडून कबुली दिली. बायबलमधला दावीद राजासुद्धा स्तोत्रात देवाला “तुझ्याविरुद्ध, तुझ्याविरुद्धच मी पाप केले आहे” असेच म्हणतो ना? तरीही चर्चमध्ये प्रभुभोजनाच्या रविवारी, म्हणजे येशूच्या स्मरणार्थ भाकर व द्राक्षारस घ्यायला पुढे जायचे असते तेव्हा, मला मागच्या बाकावरून उठवत नाही. देवाने मला क्षमा केली नाही का? – एक भाऊ, अहिल्यानगर जिल्हा

प्रिय भाऊ,

देवाच्या क्षमेविषयी शंका बाळगू नका. आपण आपली पापे पदरी घेतली तर तो विश्वासू व न्यायी असल्यामुळे क्षमा करतो, असे योहानाच्या पहिल्या पत्रात (१:९) स्वच्छ लिहिले आहे, आणि तेथे अश्रूंचे माप ठरवून दिलेले नाही. मला काळजी वाटते ती तुम्ही दावीदाच्या ज्या ओळीचा आधार घेतला आहे तिची. ती ज्यात आहे ते ५१वे स्तोत्र कोणत्या प्रसंगाचे आहे, हे त्याच्या शीर्षकातच दिले आहे: दावीदाने दुसऱ्याची बायको बथशेबा हिला आपल्याकडे आणल्याच्या प्रकरणानंतर नाथान संदेष्टा दावीदाकडे आला, तेव्हाचे. तिचा नवरा उरीया याला दावीदाने लढाईच्या तोंडी देऊन मारवले होते. त्याची क्षमा मागायला दावीद जाणार तरी कोठे? तुमची बहीण मात्र जिवंत आहे आणि एसटीने जाऊन भेटण्याइतकी जवळही असावी.

शिवाय नाथानाने राजाला पापाची व्याख्या ऐकवली नाही. त्याने एका गरिबाच्या एकुलत्या एक मेंढीची गोष्ट सांगितली, जी एका श्रीमंताने पाहुण्यासाठी हिसकावून नेली होती. संतापलेला दावीद म्हणाला की त्या माणसाने चौपट भरून दिले पाहिजे. “तो मनुष्य तूच आहेस” हे वाक्य त्यानंतर येते (२ शमुवेल १२). दावीदाने कबुली देताच नाथानाने क्षमाही तत्काळ जाहीर केली, पण झालेल्या कृत्याचे परिणाम त्या घरातून गेले नाहीत. क्षमा मिळूनही तुमचे मन का टोचते, याचे उत्तर मला येथे दिसते: देवाने तुमचा दोष काढला असेल, परंतु सातबारा अजून तसाच आहे.

लूकच्या १५व्या अध्यायातील उधळ्या पुत्र परत येताना काय बोलतो, तेही पाहा. “मी स्वर्गाविरुद्ध व तुमच्याविरुद्ध पाप केले आहे,” असे दोघांचे नाव तो एकाच वाक्यात घेतो. तुमच्या कबुलीतील दुसरे नाव इतकी वर्षे राहून गेले आहे. (कॅथलिक वाचकांनी पापनिवेदनात हीच हकिकत सांगितली, तर फादरही घेतलेले परत करण्याविषयी विचारल्याशिवाय राहणार नाहीत, त्या बाबतीत कॅथलिक आणि आपली प्रोटेस्टंट अशा दोन्ही मंडळ्यांत मला फारसे अंतर दिसत नाही.)

आता परतफेडीविषयी. बायबलमधील लेवीय ६ मध्ये शेजाऱ्याला फसवून घेतलेली वस्तू पूर्ण परत करून वर तिचा पाचवा हिस्सा द्यावा आणि मग दोषार्पण, म्हणजे दोषाबद्दल देवाला वाहायचे अर्पण, घेऊन यावे, असा क्रम आहे. आधी माणूस, मग वेदी. येशूनेही मत्तय ५:२३-२४ मध्ये हाच क्रम ठेवला. तुम्हाला प्रभुभोजनाला उठवत नाही याचे मला नवल वाटत नाही, उलट तुमचा विवेक शाबूत असल्याची ती खूण आहे असे मी म्हणेन. मात्र परतफेड म्हणजे क्षमेची किंमत, असा समज करून घेऊ नका. यरीहोतील जकातदार जक्कयाने अर्धी मालमत्ता गरिबांना आणि अन्यायाने घेतलेले चौपट परत देण्याचे कबूल केले, ते येशू त्याच्याकडे उतरायला आल्यानंतर. येशू आधी आला, पैशाचे नंतर निघाले.

तेव्हा प्रथम पत्नीला सगळे सांगा, कारण जमीन जाणार ती दोघांच्या संसारातून. वकिलाला भेटून बहिणीचा हिस्सा तिच्या नावावर कसा चढवता येईल, बक्षीसपत्राने की अन्य दस्ताने, हे विचारून घ्या. इतक्या हंगामांच्या उसाच्या पैशांचा हिशेबही कागदावर मांडा. मग बहिणीकडे जा आणि “झालं गेलं विसर” असे न म्हणता, सही घेताना तुम्ही नेमके काय खोटे बोललात ते तिच्या तोंडावर सांगा. तिची परिस्थिती बिकट आहे म्हणून मदत करतो आहोत, असा आव चुकूनही आणू नका; तो तिचा हक्क आहे.

ती रडेल, बोलेल, कदाचित वर्षभर तुमच्या घरी येणार नाही. क्षमा करण्याची घाई तिला करू नका आणि शास्त्रातील वचने तर तिला मुळीच ऐकवू नका. तिने दार लावून घेतले तरी दस्त पूर्ण करून तिच्याकडे पोहोचवा. एवढे केल्यावर, तिचे उत्तर काहीही आले असले तरी, पुढच्या प्रभुभोजनाला मागच्या बाकावरून उठून पुढे जा.

तुमची ताई